दोनशे सतरा नंबरची गंगुबाई

गुरुवारी सकाळी परळच्या त्या धर्मादाय रुग्णालयाच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. तळघरात ब्लड बँक आहे. दारावर लाल अक्षरांत लिहिलंय, विनाकारण आत येऊ नये. आणि आत काय, तर साठ-सत्तर माणसं, धुपाचा लोट, हळदकुंकवाची ताटं. वॉर्डातल्या आया होत्या, लॅबवाले होते, लालबागहून मुद्दाम आलेल्या बायका होत्या. एक पेशंट तर हाताला सुई तशीच ठेवून आला होता. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या एका करड्या टेलिफोनवर लागलेले. त्या टेलिफोनला झेंडूचा हार घातला होता.

टेलिफोनशेजारी पाटावर नादानंद महाराज बसले होते. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि त्या माळेत गुंफलेली तांब्याची तार. तार कशाला, तर सिग्नल पकडायला.

"देह म्हणजे काय?" महाराज विचारत होते. "डबा. आत्मा म्हणजे काय? लाईन. डबा बंद पडला म्हणून लाईन तुटते का? नाही तुटत. गंगुबाईने एकतीस वर्षं या रुग्णालयाचे फोन जोडले. तिचा देह गेला, पण तिची फ्रिक्वेन्सी इथेच राहिली. ती आपल्याला बोलावते आहे. पण लक्षात ठेवा, तिचा फोन उचलायचा नाही. उचललात की चार सेकंदांत तिचं पुण्य कट होतं. वाजू द्यायचं, हात जोडायचे, एक उदबत्ती लावायची. बस."

मग महाराजांनी डोळे वर केले, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा मिटले, बराच वेळ काहीतरी पुटपुटले आणि एकदम ओरडले, "गंगे, ये!"

टेलिफोन वाजला. त्याच्या इवल्याशा पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली, गंगुबाई. खाली आकडा, दोनशे सतरा. हा गंगुबाईचा एकतीस वर्षांचा नंबर. आठ महिन्यांपूर्वी वारलेल्या बाईचं नाव असं समोर आल्यावर गर्दीचं काय झालं असेल ते सांगायला नको. बायका रडायला लागल्या, लॅबवाल्याने जमिनीला कपाळ टेकवलं.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कालिंदी कर्णिक नाकाला पदर लावून उभी होती. ही रुग्णालयाची आत्ताची टेलिफोन ऑपरेटर. बावीस वर्षं ती गंगुबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, काम त्यांच्याच हाताखाली शिकली होती. गंगुबाई म्हणजे मालवणी फटकळ बाई. कुणी फोनवर उगाच पाल्हाळ लावला तर "कामाचा बोल नायतर ठेव" म्हणणारी. ती बाई मेल्यावर लोकांना उदबत्त्या लावायला लावील? कालिंदीला नुसती शिसारी आली. रक्ताच्या पिशव्या ठेवलेल्या खोलीत धूर करणाऱ्यांची, आणि तो करू देणाऱ्या डॉक्टरांचीही.

पण तिला सर्वांत जास्त लागलं ते सुचित्राचं. सुचित्रा ही गंगुबाईंची एकुलती एक मुलगी. समोरच्या गल्लीत, पूर्वीच्या गिरणीच्या जागेवर रुग्णालयाची नवी इमारत झालीय, तिथे लेबर रूमची ती इनचार्ज सिस्टर. ड्युटी संपली की रोज ती या तळघरात येऊन टेलिफोनसमोर तासभर बसायची. आणि ती बसलेली असताना टेलिफोन एकदाही वाजला नव्हता. आज गुरुवारचा अकराचा मुहूर्त, तर बाळंतपण अडलं म्हणून ती पोहोचली उशिरा. धापा टाकत खाली आली तेव्हा घंटा वाजून थांबली होती.

"महाराज, मी असले की आई फोन का करत नाही?" तिने विचारलं.

महाराजांनी मान हलवली. "रुसली आहे पोरी. शेवटच्या दिवसांत तू तिच्याजवळ नव्हतीस. होतीस का?"

सुचित्रा नव्हती. ती ड्युटीवर होती. ती भिंतीला टेकून खाली बसली. कालिंदीला वाटलं, या माणसाच्या थोबाडीत द्यावी. पण गर्दी त्याची होती.

आता हे थोतांड सुरू कसं झालं ते सांगायला हवं. तीन महिन्यांपूर्वी नव्या इमारतीत नवं टेलिफोन एक्स्चेंज बसलं आणि जुन्या इमारतीतल्या जुन्या एक्स्चेंजला ते एका लाईनने जोडलं गेलं. काम केलं विकास नावाच्या कंत्राटदाराने. तेव्हापासून तिकडून इकडे आलेला फोन वाजायचा, उचलला की चार सेकंद शांत आणि मग तुटायचा. लोक वैतागले, मोबाइल वापरायला लागले. पण तळघरात मोबाइलला रेंज नाही. तिथला टेलिफोन वाजत राहिला, आणि त्याच्यावर गंगुबाईंचं नाव यायला लागलं. कालिंदीने विकासला दहादा बोलावलं. तो यायचा, पेटी उघडायचा, बंद करायचा. तिकडच्या नंबरांची यादी मागितली तर "देतो ना मॅडम, देतो" म्हणत तीन महिने गेले. शेवटी म्हणाला, "मशीन ओके आहे. हे प्रकरण आपल्या हातातलं नाही." आणि दुसऱ्या दिवशी महाराजांना घेऊन आला.

पुढच्या मंगळवारी दुपारी कालिंदीच्या मोबाइलवर सुचित्राचा फोन आला.

"ताई, ब्लड बँकेत कोणी नाहीये का? पेशंटचं रक्त थांबत नाहीये. पंधरा मिनिटं झाली, मी फोन लावतेय, कोणी उचलून तुटतही नाहीये, नुसता वाजतोय. आयाला पाठवलंय, ती ट्रॅफिकमध्ये अडकलीय. प्लीज, तुम्ही खाली जा, ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या हव्यात."

कालिंदी हेडफोन टाकून धावली. खाली पोहोचली तर टेलिफोन वाजत होता. आणि त्याच्यासमोर ब्लड बँकेचा टेक्निशियन राजाराम, साठीला आलेला, सरळ मनाचा माणूस, हात जोडून, डोळे मिटून उभा. टेबलावर उदबत्त्या जळत होत्या.

"राजारामकाका, फोन उचला."

"नको बाय. गंगुबाय आसा ती."

कालिंदीने त्याला बाजूला सारून रिसीव्हर उचलला. "हॅलो, सुचित्रा? हॅलो?" आत काही नाही. एक, दोन, तीन, चार. तुटला.

"ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या, लेबर रूमसाठी. काढा पटकन." ती असं ओरडली की राजारामचे डोळे खाडकन उघडले. नंबर जुळवून, तपासून पिशव्या निघाल्या, कालिंदीच बर्फाची पेटी घेऊन गल्ली ओलांडून गेली. या सगळ्यात पाऊण तास गेला होता.

पेशंटचं नाव स्पृहा. नायगावच्या बीडीडी चाळीतली, सव्वीस वर्षांची, पहिलटकरीण. मुलगी झाली होती, चांगली होती. स्पृहाही वाचली. पण तिची गर्भपिशवी काढावी लागली. डॉक्टर हात धुता धुता कोणाकडेही न बघता म्हणाले, "रक्त वेळेवर मिळालं असतं तर बहुतेक वाचवली असती."

आणि संध्याकाळी काय व्हावं? रुग्णालयाच्या ट्रस्टचे शामराव पेढ्यांचा पुडा घेऊन तळघरात आले. बाळ-बाळंतीण सुखरूप, ही गंगुबाईंचीच कृपा, त्या सारख्या सूचना देत होत्या म्हणे. कालिंदीच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला. तिने तो त्यांच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्या रात्री गिरगावात घरी तिला जेवण गेलं नाही.

पण तिच्या डोक्यात एक गोष्ट ठुसठुसत होती. सुचित्रा म्हणाली, मी फोन लावतेय. त्याच वेळी इथे गंगुबाईंचा फोन वाजत होता. आणि सुचित्रा या तळघरात बसलेली असताना तो कधी वाजतच नाही. अरे, वाजेल कसा? लेबर रूममधून ब्लड बँकेला फोन लावते ती एकटी सुचित्राच, बाकीच्या सरळ आयाला धाडतात.

बुधवारी ती नव्या इमारतीत गेली. लेबर रूमच्या टेबलावरचा टेलिफोन तिने उचलून उलटा केला. तळाला, कधी कोणी बघितलं नव्हतं अशा जागी, चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलं होतं, दोनशे सतरा.

गंगुबाई गेल्यावर त्यांचा नंबर रिकामा झाला, तो विकासने लेबर रूमला देऊन टाकला. पण जुन्या एक्स्चेंजच्या यादीत त्या नंबरापुढे नाव होतं ते गंगुबाईंचं. ते पुसायचं काम कोणाचं? कालिंदीचंच. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने यादी उघडली होती, नावावर आली होती, आणि तिचा हात चालला नव्हता. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव कोण पुसतं? रेशनकार्डावरचं सुद्धा वर्ष वर्ष राहतं. राहू दे, कोणाला त्रास होतोय, असं म्हणून तिने यादी बंद केली होती. आता त्रास कोणाला झाला ते तिला दिसत होतं, आणि स्वतःचीही किळस आली.

नावाचा उलगडा झाला, पण चार सेकंदांचं काय? तिने मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "मॅडम, दोन्हीकडे प्रोटोकॉलचा व्हेरिएंट कुठला ठेवलाय?" कालिंदीने दोन्ही मशीनची सेटिंग वाचून दाखवली. इकडे एक, तिकडे दुसराच. ती मुलगी म्हणाली, "मग तुटणारच ना. पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटांचं.

कालिंदीने लगेच दुरुस्ती केली नाही. फोन लागायला लागला असता तर लोक म्हणाले असते, महाराजांनी आत्म्याला मुक्ती दिली. एका दिवसापुरती तिने ब्लड बँकेच्या जिन्यावर, मोबाइलला रेंज मिळते तिथे, एक आया बसवली, लेबर रूमचा निरोप आला की धावत आत सांगायला. आणि सुचित्राला सगळं सांगितलं.

सुचित्रा म्हणाली, "म्हणजे आई कधी फोन करतच नव्हती."

"नाही गं."

"मी उगाच बसत होते."

कालिंदीने तिचा हात धरला. "उद्या अकरा वाजता तू खाली येऊ नकोस. लेबर रूममध्येच थांब. पडद्याच्या मागे. त्या टेलिफोनपाशी कोण येतं ते बघ."

एवढं तिला कसं सुचलं? महाराज मंत्र म्हणता म्हणता भिंतीकडे बघतात, आणि त्या भिंतीवर घड्याळ आहे. महाराज मनगटी घड्याळ वापरत नाहीत, काळाच्या पलीकडे गेलेले ना. गुरुवारी सकाळी गर्दी जमण्याआधी कालिंदीने खुर्चीवर चढून ते घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं.

त्या दिवशी गर्दी दुप्पट होती. बाळंतिणीचा चमत्कार चाळीचाळीत पोहोचला होता. शामराव पहिल्या रांगेत. महाराजांची डबा आणि लाईन उगाळून झाली, त्यांनी, भिंतीकडे पाहिलं, भिंतीवर अकरा वाजत होते.

"गंगे, ये!"

टेलिफोन गप्प.

"गंगे, ये गं!"

कोणीतरी खोकलं. महाराजांनी तार कपाळाला लावली, डोळे फिरवले, कफनीच्या बाहीने घाम पुसला. मग बोट उगारलं ते थेट जिन्याकडे. "त्या बाईला बाहेर काढा. तिच्या मनात विटाळ आहे. सिग्नल अडतोय."

सगळी तोंडं वळली. दोघी जणी कालिंदीच्या अंगावर चालून आल्या. कालिंदी घाबरली नव्हती असं नाही. पण ती टेबलापर्यंत गेली.

"सिग्नल अडला नाहीये, घड्याळ पुढे आहे," ती म्हणाली. "मीच केलंय. आपापल्या मनगटावर बघा, आत्ता दहा पन्नास झालेत. दहा मिनिटं थांबा. अकराला हा फोन वाजेल. माझ्या अंगात कसलीही शक्ती नाही, तरी सांगते, वाजेल."

महाराजांना एकाएकी स्नानाची वेळ आठवली. पण निघायला वाट कुठे होती? लोकांना आता खरंच बघायचं होतं. आयाबाया आपापली घड्याळं काढून बसल्या. दहा मिनिटं कोणी हललं नाही. अकराला टेलिफोन वाजला. पडद्यावर नाव आलं, गंगुबाई.

घंटा थांबेपर्यंत कालिंदीने वाट बघितली. मग विचारलं, "एवढे दिवस गंगुबाईंचा फोन येतोय. तुमच्यापैकी एकाने तरी उलट फोन करून बघितला?"

महाराज म्हणाले, "हात लावू नका, अनर्थ होईल." तिने हार काढून बाजूला ठेवला, स्पीकरचं बटण दाबलं आणि दोन, एक, सात फिरवले.

दोन घंटा झाल्या. मग तळघरभर आवाज आला, "लेबर रूम, सिस्टर सुचित्रा बोलतेय."

राजाराम धपकन खुर्चीत बसला.

"सुचित्रा, आत्ता इथे फोन कोणी केला?"

"विकासने, ताई. हा काय, मी त्याची कॉलर धरलीय. मोबाइलमध्ये घड्याळ बघत उभा होता. बोल रे आता."

स्पीकरमधून रडवेला आवाज आला. "मामा, निघा तिकडून. हिने बघितलं."

मामा. म्हणजे नादानंद महाराज. एका बाईने तेवढ्यात ओळखलंच त्यांना. "अगं, हा लालबागच्या मार्केटात पाण्याचे फिल्टर विकायचा तो रामजी." रामजी उठायला गेला तर माळेतली तार शेजारच्या खुर्चीला अडकली. त्याला पोलीस येईपर्यंत तसाच बसवून ठेवला.

"पण मग उचलला की तुटतो का?" शामरावांनी विचारलं. आवाज पार खाली आला होता.

"आपण घरातून निघताना काय म्हणतो?" कालिंदीने विचारलं. "'येते हं.' आणि आतून 'ये' आल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल पडत नाही. थांबतो ना आपण? टेलिफोनची मशीनंही एकमेकांना असेच निरोप देतात. भाषा एकच, पण तिच्या बोली वेगवेगळ्या. आपलं जुनं मशीन फोन उचलला की पलीकडे कळवतं, 'उचलला हं.' आणि पलीकडून 'बरं' येण्याची वाट बघतं, चार सेकंद. नव्या मशीनला विकासने जी बोली लावली तिच्यात 'बरं' म्हणायची सक्तीच नाही. ते गप्प राहतं. जुन्याला वाटतं, पलीकडे कोणी नाही, आणि ते लाईन तोडतं. इकडून फोन केला तर उचलणार नवं मशीन. त्याला कोणाच्या 'बरं'ची गरज नाही, म्हणून आत्ता बोलणं झालं. दोन्हीकडे एकच बोली ठेवायची, पाच मिनिटांचं काम. ती चूक विकासला सापडली नाही, आणि तसं कबूल केलं असतं तर त्याचं कंत्राट गेलं असतं. म्हणून त्याने ती मेलेल्या बाईच्या अंगावर ढकलली. आणि नाव पुसलं नाही ती चूक माझी. भूत यातलं काहीही नाही."

पाच मिनिटांनी सुचित्रा आली. विकासला तिने वॉचमनच्या ताब्यात दिलं होतं. ती टेलिफोनकडे गेली नाही, सरळ राजारामसमोर उभी राहिली.

"काका, मंगळवारी मी सहा वेळा फोन लावला होता."

राजारामने मान वर केली नाही. "सहा उदबत्त्ये लावलंय मी," तो म्हणाला. "माका काय ठावक, तू आसस ता."

"चला माझ्याबरोबर."

"खंय?"

"स्पृहाला सांगायला. तिला अजून वाटतंय, तिचंच शरीर कमी पडलं. सासूही तेच म्हणतेय."

तो नको नको म्हणाला, पण उठला. कालिंदीसकट तिघं गल्ली ओलांडून नव्या इमारतीत गेली. स्पृहा उशीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर झोपलेली. राजाराम पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि अडखळत सगळं सांगितलं. महाराज सांगितला, गंगुबाई सांगितली, चार सेकंद सांगितले. सांगून झाल्यावर हात जोडले.

स्पृहाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ न कळणं होतं.

"काका," ती म्हणाली, "पण फोन वाजला तर माणूस आधी उचलून विचारतो ना, कोण बोलतंय म्हणून?"